यंत्राचे पैसे दिले, यंत्र आलेच नाही: दाद बेळगावात मागता येईल का?

प्रश्न (संकेश्वर परिसर)

नमस्कार. घरी मिरची कांडप सुरू करावे म्हणून मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका यंत्रविक्रेत्याला फेब्रुवारीत 1,40,000 रुपये दिले. त्यांपैकी 90,000 बँकेतून गेले आणि 50,000 रोख दिले, ज्याची माझ्या नावाची, सही-शिक्क्याची पावती आहे. चटणीचा हंगाम उन्हाळ्यापुरताच असतो, म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात यंत्र बसवून देण्याचे ठरले होते. हंगाम गेला, यंत्र आले नाही. फार मागे लागल्यावर त्यांनी 50,000 रुपयांचा धनादेश दिला. तोही पुरेशी शिल्लक नसल्याच्या शेऱ्यासह बारा दिवसांपूर्वी परत आला. पोलीस ठाण्यात हा दिवाणी व्यवहार असल्याचे सांगितले गेले. पैसे बचत गटाच्या कर्जाचे असल्यामुळे हप्ते मात्र चुकत नाहीत. कोल्हापूरला वारंवार खेटे घालणे मला जमणारे नाही. इथे दाद मागता येईल का? सर्व कागद मराठीत आहेत, त्याची अडचण होईल का?

उत्तर (खानापूर, वकील)

ताई, बाकी सर्व बाजूला ठेवून आधी धनादेशाचे पाहा, कारण तिथे दिवस मोजलेले आहेत. धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटिशीत धनादेशाच्या 50,000 रुपयांची मागणी स्वतंत्र आणि स्पष्ट असू द्या; उरलेल्या रकमेत ती मिसळू नका. नोटीस पोचल्यावर 15 दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यापुढील एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. 2015 च्या दुरुस्तीनंतर, तुमचे खाते ज्या शाखेत आहे त्या हद्दीतील न्यायालयात ही तक्रार चालते, त्यामुळे त्यासाठी कोल्हापूरला जाण्याचे कारण नाही.

संपूर्ण रकमेसाठी बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. 2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेही तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. समोरचा पक्ष एकच हरकत हमखास घेईल, की यंत्र व्यवसायासाठी होते म्हणून तुम्ही ग्राहक नाही. परंतु केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने या अपवादातून वगळली आहे. म्हणून कांडप तुम्ही स्वतः चालवणार होता आणि घर त्यावर चालणार होते, हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा. मराठी कागदांसोबत कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडा. मोबाइलवरील संदेश पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते. तोवर ते संदेश पुसू नका आणि फोनही बदलू नका.

पोलिसांचे म्हणणे पूर्ण चूक नाही. माल न देणे म्हणजे आपोआप फसवणूक ठरत नाही. पैसे घेतानाच देण्याचा हेतू नव्हता, असे दिसावे लागते. त्याच विक्रेत्याने त्याच काळात इतरांचेही पैसे असेच घेतले असतील, तर मात्र सर्वांनी मिळून लेखी तक्रार द्यावी.

उत्तर (चिकोडी, दुकानदार)

मी दुकानात विकण्यासाठी ताडपत्र्या मागवल्या होत्या आणि माल आला नाही. पुनर्विक्रीचा माल असल्यामुळे ग्राहक आयोगाचा मार्ग मला नव्हता, दिवाणी दावाच करावा लागला. त्याची मुदत तीन वर्षे असते आणि जुन्या ओळखीच्या भिडेपोटी मी त्यातली जवळजवळ अडीच घालवली. शेवटी लोकअदालतीत हप्त्यांवर तडजोड झाली. आपसात तडजोड करायची झाली, तर तोंडी करू नका. लोकअदालतीतील निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो, तोंडी शब्द येत नाही.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एक सांगायचे राहिले: बँकेतून गेलेले 90,000 माझ्या पतींच्या खात्यातून गेले आहेत.

उत्तर (खानापूर, वकील)

त्याने बिघडत नाही. ग्राहक आयोगात दोघेही तक्रारदार व्हा आणि त्यांच्या खात्याचा उतारा जोडा. धनादेश तुमच्या नावाचा असेल, तर ती नोटीस मात्र तुमच्याच नावाने जाईल. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. पण अर्जाची वाट पाहत नोटीस थांबवू नका. ती या आठवड्यातच पोचपावतीसह टपालाने पाठवा.