सगळे वक्ते पुरुषच : २०१४ चा बहिष्कार बरोबर होता की नाही?

रेणूवाली :
आमच्या विभागाच्या फळ्यावर परवा एका चर्चासत्राचं पोस्टर लागलं. बारा वक्त्यांचे फोटो, चार-चारच्या तीन ओळी. माझ्याकडे प्रोजेक्ट करणारी एम.एस्सी.ची मुलगी एकेका फोटोवर बोट ठेवत गेली. बाराही पुरुष. ती काही बोलली नाही, लॅबमध्ये निघून गेली.

मला २०१४ आठवलं. आंतरराष्ट्रीय क्वांटम रेण्वीय विज्ञान अकादमी १९६७ साली फ्रान्समधल्या माँतोंला स्थापन झाली. क्वांटम केमिस्ट्रीची (म्हणजे क्वांटम सिद्धांताच्या गणिताने रेणू समजून घेणाऱ्या शाखेची) सगळ्यात मानाची परिषद दर तीन वर्षांनी तिच्याच छत्राखाली भरते. २०१५ च्या बीजिंग परिषदेसाठी वक्त्यांची पहिली यादी आली, त्यात एकही बाई नव्हती. एमिली कार्टर, लॉरा गॅग्लियार्डी आणि ॲना क्रायलॉव्ह या याच क्षेत्रातल्या तीन शास्त्रज्ञ स्त्रियांनी उघड पत्र काढून बहिष्काराचं आवाहन केलं, शेकडोंनी सह्या केल्या.

माझ्या मते त्यांनी केलं ते बरोबरच केलं. ‘नावं सुचली नाहीत’ ही सबब इथे चालत नाही. या क्षेत्रातल्या स्त्री संशोधकांची यादी नेटवर कुणालाही बघता येत होती. खुद्द क्रायलॉव्ह यांना २००७ मध्ये डिरॅक पदक मिळालेलं. थिअरेटिकल आणि कॉम्प्युटेशनल केमिस्टांची जागतिक संघटना ते चाळिशीच्या आतल्या एकाच व्यक्तीला देते. असं नाव नजरेतून सुटतं कसं?

जुना_मास्तर :
ताई, तळमळ पोचली, पण बहिष्कार पटत नाही. ती यादी प्राथमिक होती. मी बरीच वर्षं परिषदांचे कार्यक्रम लावलेत. पहिल्या यादीत कोण येतं? ज्यांचा होकार आधी आला ते. आधी आयोजकांना खाजगीत लिहायचं, चार नावं सुचवायची, तरीही ऐकलं नाही तर पत्र काढायचं. इथे बीजिंगमध्ये राबणाऱ्या माणसांना जगासमोर एकदम आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं.

दुसरं. याच क्रायलॉव्हबाईंनी २०२१ मध्ये विज्ञानाच्या राजकीयीकरणाविरुद्ध लेख लिहिला, सोव्हिएत युनियनमधल्या लहानपणाचे दाखले देऊन. मी तो दोनदा वाचला, शब्दन् शब्द पटला. वक्ता निवडताना फक्त काम बघावं, हेच त्यातून निघतं. उद्या एखादीला व्याख्यानाला बोलावलं आणि मागून कुणी ‘कोट्यातून आली’ म्हणालं, तर तो डाग तिने कसा पुसायचा?

रेणूवाली :
सर, काम बघावं हेच तर त्या पत्राचं मागणं होतं! काम बघून यादी केली असती तर ती अशी निघालीच नसती. २०२१ चा लेख मीही वाचलाय. शास्त्रज्ञांची मतं तपासून त्यांची नावं पुसण्याविरुद्ध तो आहे. बाईंची भूमिका मला दोन्हीकडे एकच दिसते : कामापलीकडचं काही आड येऊ देऊ नका.
खाजगी पत्राचं म्हणाल, तर अशा पत्रांना ‘पुढच्या वेळी नक्की’ असं उत्तर येतं. माझ्याकडे तशी तीन आहेत.

घाटावरचा :
दोघांचंही वाचलं. पण व्यासपीठावर कोण यावर भांडताना सभागृहापर्यंत कोण पोचतं तेही बघा. जागतिक संघटनेची परिषद २०२२ मध्ये व्हँकूव्हरला झाली, २०२५ मध्ये ऑस्लोला. नोंदणी, विमान, हॉटेल, व्हिसा! एका परिषदेसाठी माझा गोषवारा स्वीकारला होता, आणि व्हिसा आला परिषद संपून नऊ दिवसांनी. तिथे लावायला छापलेलं माझ्या कामाचं पोस्टर अजून नळीत गुंडाळलेलंच आहे.

रेणूवाली :
वाईट वाटलं वाचून. यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन. पण एक अन्याय बाकी आहे म्हणून दुसऱ्यावर गप्प बसायचं नाही.

जुना_मास्तर :
बहिष्काराबद्दल माझं मत तेच आहे. ‘पुढच्या वेळी नक्की’ हे मात्र मीही लिहिलंय, दोनदा तरी. तुमच्या चर्चासत्राला अजून वेळ असेल तर नावं द्या, मी आयोजकांशी बोलतो.

रेणूवाली :
पाच नावं व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाठवलीत. प्रत्येकीपुढे तिचे अलीकडचे दोन पेपर लिहिलेत. चर्चासत्राला अजून सहा आठवडे आहेत.