मदत हवी आहे: लिफ्टमध्ये न्यूटनचा तिसरा नियम बंद पडतो का?

नमस्कार मंडळी,

मुलगी नववीत आहे. माझं विज्ञान शाळेबरोबरच सुटलं, पण ती अडली की मलाही वही उघडून बसावं लागतं. न्यूटनचे तीन नियम आता आम्हा दोघींनाही तोंडपाठ आहेत. अडलंय ते वेगळंच.

तिच्या वहीत असं आहे: टेबलावर पुस्तक ठेवलं की पुस्तकाचं वजन खाली ही क्रिया, टेबलाचं बल वर ही प्रतिक्रिया. दोन्ही समान आणि विरुद्ध, म्हणून पुस्तक स्थिर. इथवर पटलं. पुढच्याच पानावर लिफ्टचं गणित. ५० किलोचा माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे, लिफ्ट २ मी/से² त्वरणाने (म्हणजे दर सेकंदाला वेग २ मी/से ने वाढवत) वर निघाली. उत्तर दिलंय: वजन ४९० न्यूटन, काट्याचं वरचं बल ५९० न्यूटन.

पोरगी म्हणाली, "आई, क्रिया-प्रतिक्रिया नेहमी समान ना? मग हा शंभराचा फरक कुठून आला? लिफ्टमध्ये तिसरा नियम चालत नाही का?" माझी बोलती बंद.

शिवाय माझी स्वतःची एक भाबडी शंका. प्रत्येक बलाला तेवढंच उलटं बल असेल, तर जगात काही हलतंच कसं? जाणकारांनी सांगावं. नुसतं सूत्र नको, ते वहीत आहे.

प्रतिसाद १

लिफ्ट वर जाताना जडत्वामुळे वजन वाढतं, एवढंच आहे. फार खोलात जाऊ नका, परीक्षेत विचारत नाहीत.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी असहमत. वजन, म्हणजे पृथ्वीची ओढ, तसूभरही वाढलेली नाही. ती ४९० न्यूटनच आहे. वाढलाय तो काट्याचा रेटा.

ताई, तुमच्या मुलीने चूक नेमकी पकडली आहे, फक्त ती लिफ्टच्या गणितात नसून आधीच्या पानावर आहे. पुस्तकाचं वजन आणि टेबलाचं बल ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नाहीच. ही चूक इतक्या वह्यांमध्ये सापडते की आता तिचं नवल वाटत नाही.

जोडी ओळखायची खूण सोपी आहे. वाक्य "अ ने ब वर बल लावलं" असं पूर्ण लिहायचं आणि नावांची अदलाबदल करायची. "पृथ्वी पुस्तकाला ओढते" याची जोडी "पुस्तक पृथ्वीला ओढतं". त्यात टेबल येतच नाही. "टेबल पुस्तकाला वर रेटतं" याची जोडी "पुस्तक टेबलाला खाली दाबतं". जोडीतली दोन बलं कायम दोन वेगळ्या वस्तूंवर असतात. वहीतली दोन्ही बलं एकट्या पुस्तकावर आहेत. ती समान आहेत, कारण पुस्तकाला त्वरण नाही. म्हणजे ते श्रेय पहिल्या-दुसऱ्या नियमाचं (शिल्लक बल नसेल तर वेग बदलत नाही, असेल तर ते वस्तुमान × त्वरण एवढं असतं), तिसऱ्याचं नव्हे.

आता लिफ्ट. माणसावर बलं दोनच: पृथ्वीची ओढ ४९० खाली, काट्याचा रेटा वर. माणसाला वर २ मी/से² त्वरण हवंय, तर ५० × २ = १०० न्यूटन बल वरच्या बाजूला शिल्लक राहायलाच हवं. म्हणून रेटा ५९०. मुलीचा "शंभराचा फरक" तो हाच, आणि त्यानेच माणूस वेग घेतो. तिसरा नियमही शाबूत आहे: काटा पायांना ५९० ने वर रेटतो, पाय काट्याला ५९० ने खाली दाबतात. काटा तेच दाबणं मोजतो, म्हणून आकडा साधारण ६० किलो दिसतो.

लिफ्ट एकसमान वेगाने वर जात असेल तर काटा ५० च दाखवेल. वर जाणं महत्त्वाचं नाही, वेग बदलणं महत्त्वाचं.

प्रतिसाद ३

+१. थोडं भाषेबद्दल. "प्रतिक्रिया" या शब्दानेच निम्मा घोळ केलाय. आपल्याकडे प्रतिक्रिया नंतर येते, आधी कोणी काही बोलतं मग आपण देतो. इथे आधी-नंतर नाही, दोन्ही बलं एकाच क्षणी असतात. कुणालाही क्रिया म्हणा, चालतं.

तुमच्या भाबड्या शंकेला न्यूटनने १६८७ मध्ये नियम मांडताना दिलेलं उदाहरणच पुरतं: घोडा दोरीने दगड ओढतो, तेव्हा दगडही घोड्याला तितकंच मागे ओढतो. पण ही दोन बलं एकमेकांना खोडत नाहीत, कारण एक दगडावर आहे, दुसरं घोड्यावर. दगड हलेल का हे ठरवताना दगडावरचीच बलं मोजायची: दोरीची ओढ आणि जमिनीचं घर्षण. घोड्याचा हिशेब वेगळा. तो खुरांनी जमीन मागे रेटतो, जमीन त्याला पुढे रेटते. गुळगुळीत बर्फावर तोच घोडा जागेवरच पाय घासत राहील.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. अदलाबदलीची खूण तिला फार आवडली, घरातल्या प्रत्येक वस्तूवर प्रयोग चालू आहे. वहीतलं वाक्य तिने स्वतः खोडलं.

आता तिचा पुढचा हट्ट: काटा खरंच लिफ्टमध्ये न्यायचाय. आमचा डिजिटल आहे, चालेल का?

प्रतिसाद २

बरेच डिजिटल काटे आकडा स्थिर झाल्यावरच दाखवतात, मग तो मधला क्षण हुकतो. काट्यावर सुई असलेला, स्प्रिंगचा जुना काटा मिळाला तर बघा. निघताना सुई एकीकडे झुकेल आणि वर पोहोचून थांबताना दुसरीकडे. थांबताना कुठे आणि का, हे तिला आधी कागदावर काढायला सांगा, मगच लिफ्टचं बटण दाबा.