चिकन धुवायचं की नाही? सासूबाई धू म्हणतात, डॉक्टर नको म्हणतात
आम्ही सोलापूरला जुळे सोलापुरात राहतो, रविवारी दुकानातून समोर कापून आणलेलं चिकन असतं, रक्त, पिसांचे बारीक खुंट चिकटलेले, ते न धुता कढईत टाकायचं म्हणजे मला कसंतरीच होतं ओ. मागच्या महिन्यात लेकाला जुलाब झाले तेव्हा डॉक्टर म्हणाले नळाखाली धुवू नका. मग करायचं काय?

— ताई, डॉक्टर बरोबर आहेत. कच्च्या चिकनवर साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर असे जुलाब करणारे जंतू असतात, ते पाण्याने जात नाहीत, उलट नळाची धार पडली की शिंतोडे ५० सेंटीमीटरच्या पुढे उडतात. शेजारी चिरलेला कांदा-कोथिंबीर असली की झालं, ती तर कच्चीच खातो ना आपण! जंतू मरतात ते शिजवून, आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस व्हायला पाहिजे.

— पण दुकानातलं रक्त, पिसं तशीच ठेवायची का? मी खुंट हाताने उपटते, रक्त टिश्यूने टिपून टिश्यू लगेच कचऱ्यात, मग हळद-मीठ-दही. अगदीच धुवायचं तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने, नळ सोडून नाही, अन् नंतर सिंक, विळी, हात सगळं साबणाने. आपल्याकडे पाणी रोज कुठं येतं, लोक वाचवायला भांडी नुसती विसळतात, तिथंच चुकतं बघा.

— सासूबाईंना सांगा, काळ्या मसाल्याच्या रश्श्यात हाडाजवळचा गुलाबीपणा जाईपर्यंत उकळी द्या. ते महत्त्वाचं.