मदत हवी आहे: एका ग्लुकोजमागे एटीपी किती, हिशोब जुळेना

भाचीला बारावीचं बायो शिकवतोय आणि श्वसनाच्या धड्यात पार अडकलोय. जुना हिशोब पाठ आहे, एका ग्लुकोजमागे १० एनएडीएच (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू), प्रत्येकाचे ३ एटीपी (पेशी ऊर्जा म्हणून वापरते तो रेणू), त्याच कामाच्या २ एफएडीएचटूचे २-२, आणि ग्लायकोलिसिस नि क्रेब्स सायकल या श्वसनाच्या टप्प्यांमधून थेट मिळणारे ४, झाले ३८. नवीन पुस्तकांत एनएडीएचला २.५ आणि एफएडीएचटूला १.५ धरतात म्हणून ३२. कधी ३० का लिहितात तेही कळलं, ग्लायकोलिसिसमधले २ एनएडीएच मायटोकॉन्ड्रियात थेट शिरत नाहीत, ग्लिसरॉल फॉस्फेट शटलने गेले तर प्रत्येकी एक एटीपी बुडतो.

अडतंय ते २.५ वर. एका एनएडीएचमागे १० प्रोटॉन मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलाबाहेर ढकलले जातात आणि एका एटीपीला ४ लागतात, ३ सिंथेज (एटीपी बनवणारं एन्झाइम) फिरवायला नि १ फॉस्फेट आत आणायला, १० भागिले ४, ठीक. पण सस्तन प्राण्यांच्या सिंथेजच्या चक्रात ८ सी-सबयुनिट (चक्राचे तुकडे, प्रत्येकामागे एक प्रोटॉन) असतात ना, एका फेरीत ३ एटीपी, म्हणजे एटीपीमागे ३ नाही तर साधारण २.७ प्रोटॉन. त्यात वाहतुकीचा १ मिळवला की ३.७, त्याने १० ला भागलं की उत्तर २.५ नाही, २.७ च्या आसपास येतं राव!

परीक्षेत काय लिहायचं हा प्रश्न नाहीये, तिथे ती पुस्तकातलंच लिहील. प्रोटॉन गळतात तेही माहितीये, ते सध्या बाजूला ठेवा. मला फक्त एवढंच सांगा, ८ चा हिशोब लावताना माझं कुठे चुकतंय, की पुस्तकातला ४ हाच सोयीसाठी पूर्ण केलेला आकडा आहे?