नागरी विवाह कायदा आणि ख्रिस्ती मतदाराचा विवेक

प्रश्न (नाशिक रोड)

सर्वांना जय ख्रिस्त. निवडणूक जवळ आली की आमच्या घरगुती प्रार्थनासभेत एक विषय हमखास निघतो. विवाह हा एक पुरुष आणि एक स्त्री यांनी देवासमोर केलेला करार आहे, म्हणून समान नागरी संहिता असो वा समलिंगी विवाह, उमेदवाराची त्याबाबतची भूमिका पाहूनच मत द्यावे, असे वडीलधारे सांगतात. मंडळीतला विवाह वेगळा आणि सरकारी नोंद वेगळी, असे माझ्या धाकट्या बहिणीचे म्हणणे आहे. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते आणि त्यामुळे निर्णय होत नाही. आपण कसा विचार करता?

उत्तर (शरणपूर रोड, निवृत्त शिक्षिका)

तुमच्या बहिणीचे म्हणणे मला पटते. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार आपले पाळक वेदीपुढे आशीर्वाद देतात आणि त्यानंतर कायद्याच्या नोंदवहीत वधूवरांच्या व साक्षीदारांच्या सह्याही घेतात; हे सारे एकाच छपराखाली, तासाभरात उरकत असल्यामुळे दोन्ही गोष्टी एकच आहेत असा आपला समज होतो. पण १८६९ च्या घटस्फोट कायद्याकडे पाहा. पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते, पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्यागही सिद्ध करावा लागे. संसदेने ही विषमता २००१ मध्ये दूर केली. त्यासाठी पवित्र शास्त्रातले एक अक्षरही बदलावे लागले नाही, आणि कितीतरी भगिनींना न्यायाची वाट मोकळी झाली.

उत्तर (देवळाली कॅम्प)

ताईंचा आदर राखून थोडे वेगळे मांडतो. कायदा केवळ नोंद ठेवत नाही. काय योग्य आहे, हे तो पुढच्या पिढीला शिकवतही असतो. मत्तयाच्या १९ व्या अध्यायातील प्रभूचे शब्द मला बंधनकारक आहेत आणि मतदान केंद्राच्या दाराशी ते उतरवून ठेवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार देताना हा प्रश्न कायदेमंडळाचा असल्याचे सांगितले, म्हणजे तो अखेर आपल्या मतापाशीच येतो. मात्र अमुक एकालाच मत द्या, असे व्यासपीठावरून कोणी सांगू नये, याबाबत मी ठाम आहे. उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी धर्माच्या नावावर मत मागणे, हे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचरण ठरते.

उत्तर (गंगापूर रोड)

माझ्या मुलीने हिंदू मुलाशी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न केले, कारण दोघांनाही आपापला धर्म सोडायचा नव्हता. त्या कायद्यात ३० दिवसांची जाहीर नोटीस असते. कार्यालयातल्या काचेच्या फलकात दोघांची नावे आणि पूर्ण पत्ते लागले, कोणा अनोळखी माणसाने मोबाईलवर त्याचे छायाचित्र काढले आणि तिसऱ्या दिवसापासून आमच्या घरी धमकीचे फोन सुरू झाले. आपल्या उपासनेतही लग्नाची घोषणा तीन रविवारी होते, पण ती ऐकणारे त्या लेकरांना लहानपणापासून ओळखत असतात, त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. ते ३० दिवस माझी मुलगी एकटी घराबाहेर पडली नाही. म्हणून माझ्या दारी मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी या नोटिशीबद्दलच विचारते. शेजाऱ्यावर प्रीती करा या आज्ञेचा अर्थ मला तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. देवळालीच्या भाऊंशी विवाहाच्या व्याख्येबाबत मी सहमत आहे, तरीही नोटिशीचा हा मुद्दा आमच्या सभेत आजवर एकदाही निघालेला नाही. येत्या बुधवारी तो मांडतो. काकू, आपली हरकत नसेल तर मुलीचे नाव न घेता तिचा अनुभव सांगेन.