मदत हवी आहे: ओहोटीसोबत गेलेला कार्बन कोणत्या खात्यात धरायचा?

खाऱ्या दलदलीतल्या कार्बनचा हिशेब मांडतोय, पण एका जागी गाडी अडलीय. साठवणीचा भाग सोपा आहे. मुळं चिखलात गाडली जातात, प्राणवायू खाली पोहोचत नाही, कुजणं मंदावतं. समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटमुळे मिथेनही फारसा सुटत नाही. (चिखल कापून बघा, काळ्या थरात मुळांभोवती गंजासारख्या तांबूस नळ्या दिसतात. मुळांतून झिरपलेल्या प्राणवायूची ती खूण. केसभर अंतरात रसायन बदलतं!)

घोडं अडतं ते बाहेर जाणाऱ्या कार्बनपाशी. अमेरिकेतल्या जॉर्जियातल्या दलदलीत सुमारे ४५ टक्के उत्पादन भरती-ओहोटी वाहून नेते, असं परिसंस्था-अभ्यासक जॉन टील यांनी १९६२ मध्ये मांडलं होतं. पण विरघळून जाणाऱ्या कार्बनचं काय? कार्बन डायऑक्साइड असेल तर बराचसा हवेत परत जाणार. बायकार्बोनेट असेल तर समुद्रात हजारो वर्षं राहू शकतो. दोन्हींना ‘गळती’ म्हणणं मला पटत नाही.

ओहोळाच्या तोंडाशी क्षारता (अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता; खारटपणा नव्हे) आणि एकूण विरघळलेला अकार्बनी कार्बन (कार्बन डायऑक्साइड, बायकार्बोनेट आणि कार्बोनेट मिळून) एका पूर्ण भरती-ओहोटीत मोजला तर पुरेल, की उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) दोन्ही घ्यावे लागतील? प्रत्यक्ष केलंय का कुणी? आणि चिखलात सल्फेटपासून तयार होणाऱ्या सल्फाइडमुळे क्षारता फुगून दिसते, ती कशी वजा करता?