झांबियाची खाण, लंडनचं कोर्ट: ही दादागिरी नाही तर काय?

माळरान: चिंगोलाच्या तांब्याच्या खाणीने पाणी नासवलं म्हणून 1,826 झांबियन गावकरी खाणीच्या मूळ कंपनीवर, वेदांतावर, दावा ठोकायला लंडनला गेले, आणि 2019 मध्ये ब्रिटिश सुप्रीम कोर्टाने तो तिथे चालू द्यायला परवानगी दिली. खाण झांबियात, नदी झांबियात, कायदाही झांबियाचाच लागणार. मग न्यायाधीश लंडनचा कशाला? वसाहतवादच हा, फक्त विग घातलेला.

खडूस_वकील: गप्प बसणार होतो, पण 'वसाहतवाद' वाचून राहवेना. निकाल वाचलात का? खटल्याची खरी जागा झांबियाच, हे निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीशांनी, लॉर्ड ब्रिग्ज यांनी, मान्यच केलंय. पण तिथे 'जिंकलो तर फी' या बोलीवर वकील लावणं कायद्याला मंजूर नाही, गावकऱ्यांच्या खिशात दमडी नाही, आणि एवढं प्रकरण पेलणारी वकिलांची फळी नाही. तिथल्या न्यायाधीशांना कुणी नावं ठेवली नाहीत. शिवाय वेदांता रिसोर्सेसची नोंदणी ब्रिटनमधलीच, म्हणजे तिला तिच्याच दारात गाठलं. 'जिथलं तिथे चालवा' हा तुमचा मुद्दा भोपाळनंतर युनियन कार्बाइडने न्यूयॉर्कच्या कोर्टात मांडला होता. 1986 मध्ये तिथले न्या. कीनन यांनी तो उचलून धरला आणि खटला भारताकडे धाडला. पुढे 1989 ला 47 कोटी डॉलरवर तडजोड. पीडितांच्या संख्येने बसा भागाकार करत.

माळरान: आलंच भोपाळ! तेव्हा आपल्याच सरकारने अमेरिकेत जाऊन सांगितलं की आमच्या कोर्टांना हा खटला झेपणार नाही. याची लाज वाटायला हवी. निदान कायदेपंडित पालखीवालांनी तरी तिथल्या कोर्टात प्रतिज्ञापत्र देऊन ठणकावलं की भारतीय न्यायव्यवस्था समर्थ आहे.

खडूस_वकील: ते प्रतिज्ञापत्र कुणाच्या बाजूने होतं, तेही लिहा की. कार्बाइडच्या!

दापोलीकर: समर्थ?? आमचा वाटपाचा दावा आजोबांनी लावला. वडील वारले, मी वारस म्हणून नाव लावायचा अर्ज दिला, तर आता त्या अर्जालाच तारखा पडतायत. मूळ दाव्याकडे कुणी बघतही नाही.

खडूस_वकील: अर्ज 90 दिवसांत दिलात का?

दापोलीकर: नाही. वकील म्हणाले काही घाई नाही.

खडूस_वकील: मग दावा अबेट झालाय, म्हणजे मुदतीत वारस न लागल्याने आपोआप संपलाय. विलंबमाफी मागा आणि वकील बदला.

तिसरी_घंटा: इथे फुकट सल्लाकेंद्र उघडलंय का? पण काका, वकील निवडून चूक तुम्ही केलीत, शिव्या कोर्टाला.

दापोलीकर: वय काय तुझं? कधी कोर्टाच्या बाकावर दिवस काढलायस का? पुढची तारीख लिहून घ्यायलाही पट्टेवाल्याला चहापाणी द्यावं लागतं!

तिसरी_घंटा: बरं, राहिलं. मुद्द्यावर या. लंडनचं एवढं कौतुक, पण शेवटी काय झालं? 2021 मध्ये तडजोड, कंपनीने जबाबदारी मान्य केली नाही, आकडा गुलदस्त्यात. आणि अमेरिकेने तर दार लोटूनच घेतलंय. अर्जेंटिनातल्या लष्करी राजवटीत मर्सिडीजच्या कामगारांचा छळ झाला, त्याचा मर्सिडीजची जर्मन मालक कंपनी डेमलर हिच्यावर कॅलिफोर्नियात दावा होता. 2014 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, ही कंपनी इथली नाहीच.

खडूस_वकील: तडजोडीवर मी तरी कुठे खूश आहे? पण लंडनने परवानगी दिली नसती तर वेदांता तडजोडीला बसली असती का?

माळरान: ठीक, कंपनी जिथली तिथे दावा, इथवर मान्य. तुमची फी पाठवून देऊ का?

दापोलीकर: विलंबमाफीच्या अर्जाचा नमुना कुणाकडे आहे का?